कुडीचं पाणी

आई फोनवर एकच वाक्य बोलली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. "माजे कुडीचा पानी बदलला गो," ती म्हणाली, आणि लगेच दारच्या शेवग्याला शेंगा किती लागल्यात त्यावर गेली. मी रोह्याला लागून असलेल्या वरश्यात, माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलंच नाही.

आईच्या कुड्या हिऱ्याच्या. मधे एक आणि भोवती सहा, असे प्रत्येक कानात सात खडे. आमचं घर पेणच्या खाडीपट्ट्यातलं, मिठागरावर राबणारं. अशा घरात हिरे कुठून आले, असं लोक तोंडावर विचारत. दादा जन्मला त्या वर्षी बाबांनी पेणच्या बाजारातल्या एका पेढीवर त्या करून घेतल्या होत्या. आयुष्यात त्यांनी केलेली तेवढीच चैन. खडे अगदी बारीक होते, पण आईच्या लेखी ते हिरे होते आणि विषय संपला. आगरावर काम करताना, झोपताना, माझ्या वेळच्या बाळंतपणातही तिने त्या कानांतून काढल्या नाहीत. गेल्या वर्षी तिची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा हॉस्पिटलात तपासणीसाठी त्या पहिल्यांदा काढाव्या लागल्या. त्या वेळी शेजारी वहिनी उभी होती, म्हणून त्या तिच्या हातात गेल्या.

हिऱ्याचं पाणी म्हणजे त्याचं तेज, हे मला माहीत होतं. पाणी बदललं म्हणजे खडा बदलला. आणि खडा काही आपण होऊन बदलत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याचा अभिमान होता. रोह्यातल्या एका कंपनीत मी नमुने तपासते. पिंपावर जे लिहिलंय तेच आत आहे का, हे बघायचाच मला पगार मिळतो. त्याआधीचं शिक्षण बाबांचं. घाईत पिकलेल्या मिठाचा खडा दुधाळ दिसतो, निवांत पिकलेल्याचा आरपार दिसतो, म्हणून ते मला खडा उन्हात धरून बघायला लावत. व्यापारी माल मळका आहे म्हणाला, तर त्यालाही उन्हात उभं करत. कुणाच्या नुसत्या बोलण्यावर जायचं नाही, हे मी त्यांच्याकडून उचललं.

पुढच्या रविवारी नागोठण्यावरून जाणारी एसटी पकडून मी माहेरी गेले. आईच्या उशाशी बसले आणि तिचे केस मागे सारायच्या निमित्ताने कान निरखले. उजवी कुडी होती तशीच होती. डाव्या कुडीतला खालचा एक खडा मात्र टकाटक चमकत होता. बाकीचे सहा आपले मंद, जरासे पिवळट, आणि हा एकटाच नव्या नवरीसारखा नटलेला. मला हसूच आलं. चोरी करायची तर निदान जुन्याशी जुळणारी काच तरी शोधायची! बाजारात पंधरा-वीस खड्यांची अंगठी शेदोनशेला मिळते, अमेरिकन डायमंड म्हणून. त्यातलाच एखादा आणून बसवला असणार, असं मी मनात पक्कं केलं.

त्यानंतर दर रविवारी जाऊन वहिनी काय करते ते मी बघत राहिले. ती गागोद्याच्या बाजूची, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला खाडीचा वास सोसायचा नाही आणि आम्ही तिची टिंगल करायचो. आता तीच आईला उठवायची, आंघोळ घालायची, कालवून भरवायची. दादा कंपनीत शिफ्टला. त्याचं घरात असणं-नसणं सारखंच. पण एकदा संशय आला की माणसाचं चांगलं वागणंही वेगळं दिसायला लागतं. ती आईचे पाय चेपत बसली की मला वाटे, मन खातंय हिचं. मला चहा देताना ती गप्प राहिली की वाटे, घाबरलीय. तीन महिने मी तिच्या हातांवर नजर ठेवून होते. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवते, बाजारातून काय आणते, पिशवी कुठे दडवते, सगळं.

मी मनाशी ठरवलं होतं. खडा खोटा निघाला तर आईला उचलून वरश्याला आणायचं आणि वहिनीच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. आईला ते घर सोडवणार नाही हे मला ठाऊक होतं. माझी नोकरी दिवसभराची, तिच्याजवळ बसायला कुणी नाही, हेही ठाऊक होतं. तरी ठरवलं ते ठरवलं.

"वहिनी, आईच्या कुडीची फिरकी ढिली झालीय. दोन्ही कुड्या घेऊन जाते, घट्ट करून आणते," मी एका रविवारी म्हणाले.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कुठल्या सोनाराकडं न्येता वन्सं?"

"रोह्याच्या."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. तिचा थांबलेला हात मी तेवढा ध्यानात ठेवला.

घरी आल्यावर आधी मी माझीच प्रयोगशाळा उघडली. मोबाइलवर एक माणूस सांगत होता की खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. खरा हिरा असेल तर वाफ लगेच उडते, काच असेल तर रेंगाळते. न्हाणीघरात दार लावून मी डाव्या कुडीवर हा-हा करत बसले. सहा जुन्या खड्यांवर वाफ रेंगाळली. चमकणाऱ्या खड्यावरची चटकन उडाली. म्हणजे बाबांचे सहा खोटे आणि वहिनीचा एक खरा? मी त्या माणसालाच खोटा ठरवला आणि व्हिडिओ बंद केला. कंपनीत कुणी असा निकाल मला दाखवला असता तर मी त्याला पुन्हा तपासायला पाठवलं असतं.

रोह्याच्या सोनाराने कुड्या आधी गरम पाण्यात घालून बारीक ब्रशने घासल्या. वर्षानुवर्षांचं खोबरेल बाहेर आलं, वाफ धरून ठेवणारं तेच. मग पेनासारखं एक यंत्र त्याने एकेका खड्यावर टेकवलं, आणि ते चौदाच्या चौदा वेळा वाजलं. "सगळे हिरे," तो म्हणाला. मी चमकणाऱ्या खड्यावर बोट ठेवलं. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. जुन्या खड्यांच्या पोटात काळे ठिपके होते, पैलू वेडेवाकडे, आणि मागून सोन्याने बंद केलेले. नव्याच्या पोटात काही म्हणजे काही नव्हतं. "लोक खडा केवढा आहे ते बघतात," तो म्हणाला, "पण पैलू नीट पडले असतील तर आत गेलेला उजेड परत येतो. मग रंग बघायचा, मग डाग, आणि वजन सगळ्यात शेवटी. तुमच्या या कुड्यांत हा एकच खडा भारीतला आहे. मोडायच्या आहेत का?"

मोडायच्या आहेत का, हे ऐकल्यावर माझा त्याच्यावरचाही विश्वास उडाला. पण घरी येताना विचार करून डोकं शिणलं. हलका खडा काढून भारीतला बसवणारा चोर मी कधी ऐकला नव्हता. यातही काहीतरी डाव असणार. कुड्या मुळात जिथे घडल्या त्या पेणच्या पेढीवर जायचं मी ठरवलं. तिथे आता जुन्या सोनारांचा मुलगा बसतो. तोही साठीचा आहे.

त्याने कुडी हातात घेतली आणि भिंग न लावताच ओळखली. "वडिलांचं काम. झाली का फिरकी ढिली?"

"हा खडा वडिलांच्या हातचा नाही," मी म्हणाले.

"नाही. तो मी बसवलाय."

"यंत्र वाजतं. पण यंत्र तर लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यालाही वाजतं, मी वाचलंय. हा लॅबचा कशावरून नाही? आणि मूळचा खडा काढून तुम्ही कुणाला दिलात?"

त्याने कुडी खाली ठेवली. त्याला राग आला होता. "हे बघा ताई, सांगू नका असं मला बजावलेलं आहे. पण तुम्ही माझ्या पेढीवर येऊन मला विचारताय म्हणून सांगतो. मूळचा खडा तुमच्या आईंना न्हाऊ घालताना मोरीत पडला. वहिनी दोन दिवस मोरीचा गाळ चाळत होत्या. नाही सापडला. मग माझ्याकडे आल्या. म्हटलं, मुंबईहून जुळता खडा मागवतो, पंधरा दिवस लागतील. तर म्हणाल्या, आईंचा हात सारखा कानाला जातो, पंधरा दिवस थांबता येणार नाही. आणि स्वतःच्या नाकातली चमकी काढून इथे ठेवली, या काचेवर. त्यांच्या आईने लग्नात दिलेली. तोच हा खडा."

तीन महिने मी त्या बाईच्या हातांवर पाळत ठेवली होती. तिच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आणि आई? मिठाच्या वाफ्यात खाडीचं नवं पाणी आलं की आमच्याकडे माणसं खूश व्हायची, मीठ चांगलं पडणार म्हणून. पाणी बदललं, असं आई आयुष्यभर आनंदानेच म्हणत आली. आरशात तिला तो नवा खडा दिसला होता आणि आवडला होता. आगरावर जन्मून मी मात्र तिचे शब्द सोनाराच्या भाषेत ऐकले.

पेढीवरून मी तशीच घरी गेले. वहिनी ओटीवर आईचे कपडे वाळत घालत होती. तिने मान वळवली आणि मला तिच्या नाकपुडीत केरसुणीची काडी दिसली, भोक बुजू नये म्हणून खुपसलेली. मी तिच्या नाकाकडे बघतेय हे तिने पाहिलं. तिला सगळं समजलं.

"पेणच्याकडं ग्येला व्हता तर," ती म्हणाली.

"वहिनी, माझं चुकलं." मी कुड्यांची डबी पुढे केली. "आईच्या कानात घाला. मी उगाचच..."

तिने हात मागे घेतला. ओले हात पदराला पुसले, पण डबी घेतली नाही. "नाय वन्सं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माज्या हातून परत पडंल कायतरी, आन् तुमाला परत एवढा हेलपाटा." ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती आईची ओली साडी झटकत होती. "आईंचं मी बघते. त्याची तुमी काळजी नका करू."

आईला मी वरश्याला आणलं नाही. वहिनी अजून तिला आंघोळ घालते, भरवते, मी गेले की चहा देते. आईचे कान रिकामे आहेत; मी स्वतः कुड्या घालायला गेले की वहिनी म्हणते, न्हाऊ घालताना परत पडल्या तर तुमाला काय सांगू. तिचा उजवा हात अधूनमधून तिथे जातो आणि काही न सापडून खाली येतो. चमकीचा खडा काढून परत द्यावा म्हणून मी एकदा विचारलं, तर वहिनी म्हणाली, एकदा आईंना दिला तो दिला. कुड्या माझ्या कपाटात, कुलपात आहेत. त्यांतला एक हिरा वहिनीचा आहे आणि तो माझ्या घरात आहे.