बायकांचा उजवाच पायजे

"बंद करा! मशीन बंद करा की!" वरडत हुते मीच, आनि आत हात बी माझाच हुता.

मालकाच्या गोठ्यात, निपाणीच्या अलीकडं. कडबा कुट्टीच्या मशीनीत वैरन सारत हुते, बाही वढली गेली. हात भाईर आला तवा अंगठा नव्हता. शेजारचं बोट बी न्हाय. झोळीत आठ महिन्यांची पोरगी रडत हुती. मी रडत हुते. कोन कुनाला गप करनार?

शेजारची आक्का पळत आली, मूठभर तंबाखूची भुकटी जखमंत दाबली. आमच्यात तसंच करत्यात. रगात दिसलं की तंबाखू. बोटाचा तर चुरा झालता. सासूनं अंगठा उचलला, मालकाच्या फ्रिजातला बर्फ पिशवीत भरला, त्यात तसाच टाकला. दोघींनी जीव लावून केलं.

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या सायबानं कागद सरकवला. "सही."

उजवा हात फडक्यात. फडकं रगतानं थबथबलेलं.

"तुमच्यात सही कुठली येतीया! अंगठा लाव."

म्या डावा पुढं केला.

"डावा गड्याचा. बायकांचा उजवाच पायजे."

सासूनं पिशवी वर धरली. "सायेब, त्यो ह्यात हाय वो."

तो हसला. मागचे दोघं बी हसले. "मग काढ की भाईर, शाई लावू." मग म्हनाला, "नवऱ्याला बोलीव. तवर बस तिथं."

मी सातवी शिकलेली. माझं अक्षर बघून बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. सांगायचं हुतं त्याला. तवर त्यानं फुडच्याला हाक मारली. नवरा संकेश्वरला, उसाच्या ट्रॅक्टरवर. तो येस्तवर बाकड्यावर बसले, डाव्या हातानं पोरीला पाजत. तिच्या टोपड्यावर रगात ठिबकत हुतं. सांजच्याला नवऱ्यानं येऊन सही केली, तवा बेळगावला धाडलं.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडली. बघितलं. मिटली.

"उशीर झाला. बर्फ थेट लागलाय, जखमेत तंबाखू. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बांधून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. लगेच आला असता तर प्रयत्न तरी केला असता."

आक्काला, सासूला ह्ये कुनी शिकवलंच नव्हतं. सायेब तर शिकलेला हुता.

घरी आल्यावर पाटी घेतली. डाव्या हातानं गिरवायला लागले. पयलं नाव पोरीचं न्हाय लिवलं. त्या सायबाचं लिवलं. खिडकीवरच्या फळीवर वाचून ध्यानात ठेवलं हुतं. रोज पाटी भरून त्याचंच नाव.

अपंगाचा दाखला आनायला परत गेले. खिडकीत तोच. कागद सरकवला, शाईचा डबा सरकवला. म्या त्याचा पेन उचलला. डाव्या हातानं माझ्या नावाची सही केली. आनि म्हनले, "आता तुमी लिवा. बाईचा डावा अंगठा चालत न्हाय, ह्यो नियम कुठं हाय? सही-शिक्का मारून द्या."

तो कागद चाळायला लागला. "नियम असा न्हाय. रीत हाय."

रीत! त्याच्या रीतीपायी माझा अंगठा पिशवीत कुजला.

त्याच बाकड्यावर बसून अर्ज लिवला. त्याच्या वरच्या सायबाला दिला.

आता आशाताईंसंगट गोठ्यागोठ्यानं फिरते. बाया गोळा करते, थोटा हात दावते, मग बोटाच्या जागी गाजर तोडून दावते. असं गुंडाळायचं. अशी पिशवी. तंबाखू न्हाय, फडकं दाबून धरायचं. बाजारच्या दिवशी त्या खिडकीम्होरं बसते. कोन रगतानं भरलेलं आलं की धरून थेट आत नेते. कागद मागनं! तो मला उठ म्हनत न्हाय. माझा हात बघून मान खाली घालतो. मला त्ये गोड लागतं. खोटं कशाला बोलू?

तीन वर्सांनी चौकशी लागली, तशी परवा त्यानं सांगावा धाडला. "अर्ज मागं घे, माझी बी लेकरं हाइत."

हाइत की. माझी पोरगी आता वेनी घाल म्हनून पाठ करून बसती. मला घालता येत न्हाय.

त्याचं भ्या अजून वाटतं. वाटूंदे. तो त्या खुर्चीवरनं उठस्तवर अर्ज मागं घेनार न्हाय. सासू म्हनती, सोड गं आता. तुमी सोडलं असतं? तुमच्या अंगठ्याची पिशवी बघून कोन हसलं असतं, तर तुमी काय केलं असतं?