माझ्या नावाचा मॉथ

आमचे प्रोफेसर काल गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून फीडवर त्यांचे फोटो फिरताहेत. "थोर माणूस." "किती मोठ्या मनाचा!"
आणि पुरावा म्हणून कोण? मी.
"मेधाचं नाव त्यांनी मॉथच्या नव्या जातीला दिलं, बघा!" चार जणांनी टॅग केलंय मला.

तर ऐकाच आता.

बोलिव्हियातून आणलेले ते मॉथ आमच्या इन्स्टिट्यूटच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं चुकीच्या नावाखाली पडून होते. पंख हुबेहूब ओळखीच्या जातीसारखे. पण नुसत्या पंखांवरून जात ठरत नाही हो, जननेंद्रिय बघावं लागतं. पोटाचं टोक कापा, पोटॅशमध्ये उकळा, सुईने सोडवा, स्लाइड करा.
दोन वर्षं मी हेच केलं. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला.

आणि एक दिवस दिसलं. ही जात वेगळी आहे. हिला अजून कुणीच नाव दिलेलं नाही!
धावत त्यांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी अर्धा तास मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग जर्मनमध्ये म्हणाले, "आल्झो, तर मग हिला तुमचंच नाव देऊ या. मेधाए, म्हणजे मेधाची."

मला रडूच आलं. आईने पुण्यात सोसायटीभर पेढे वाटले. "किड्याला का होईना, लेकीचं नाव लागलं!"
मी तर मूर्खासारखे बेसनाचे लाडू करून नेले. त्यांनी तीन खाल्ले.

पेपर छापून आला. लेखक एकच. ते.
मी कुठे? शेवटी, आभारांत. "स्लाइड तयार करण्यात मदत."

विचारायला गेले, तर अगदी शांतपणे म्हणाले, "फ्राऊ जोशी, आपल्या क्षेत्रात कुणी स्वतःचंच नाव जातीला देत नाही. जातीला तुमचं नाव, मग लेखकांत तुम्ही कशा? एवढा मोठा मान दिलाय तुम्हाला."

गेनाऊ, अगदी बरोबर. मान!
म्हणजे माझं नाव दिलं तेच मुळी मला लेखकांतून काढायला. आणि मी वर लाडू खायला घातले.

माझा फरत्राग, म्हणजे नोकरीचा करार, त्या पेपरवर अडला होता. लेखक म्हणून नाव नाही, म्हणून नोकरी पुढे वाढली नाही. आता मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करते. मायक्रोस्कोपला हात लावून सहा वर्षं झाली. अजून जीव तुटतो.

आज इन्स्टिट्यूटमधून मेल आलाय. त्यांच्याविषयी दोन ओळी लिहून द्या, "तुमचं नातं खास होतं."

खासच! जातीचं पूर्ण नाव लिहिताना, ज्याने ते दिलं त्याचं आडनाव मागे लिहितात. जगात कुठेही लिहा.
लग्नानंतर मी नवऱ्याचंही नाव लावलं नाही. सासूबाई अजून फुरंगटून बसतात. आणि या माणसाचं आडनाव माझ्या नावाला चिकटलंय. मी मेले तरी ते सुटायचं नाही.

जा, प्रोफेसर. माझ्याकडून श्रद्धांजली नाही.
ती जात मी शोधली होती.