बरगडी मोडल्यावर गायची गाणी

जपानातल्या तोबाता गावच्या बाजारगल्लीत तोकिएचं कराओकेचं दुकान सकाळी दहाला उघडायचं. गिऱ्हाईक म्हणजे पोलाद कारखान्यातल्या कामगारांच्या बायका. नवरा पहिल्या पाळीला गेला की या हजर. चहा, खारवलेली काकडी आणि माईक. गाणं मात्र कुणी स्वतः निवडायचं नाही. बाईचं गाणं निवडावं तर तोकिएनंच, असं साऱ्या गल्लीचं मत होतं.

ही विद्या तिला नवऱ्याच्या बुक्क्यांनी शिकवली. पस्तिसाव्या वर्षी त्यानं तिचा जबडा मोडला. सहा आठवडे दात तारेनं बांधलेले, आणि तशात ही तोंड न उघडता गाता येईल असं गाणं शोधत बसली. डावा कानही त्यानंच कायमचा नेला. तो मेला तेव्हा ती रडली नाही, आणि का रडावं?

तेव्हापासून दारातून येणाऱ्या बाईच्या चालण्यावरून, तोंडावरून मार कुठं बसलाय ते हिला कळायचं. ओठ फुटला असेल तर मिटल्या तोंडाचं, खालच्या पट्टीतलं गाणं. बरगडीला मार असेल तर तुटक ओळींचं, दर चार शब्दांनी श्वास घेता येणारं. गळ्यावर बोटांचे वळ असतील तर निम्मं बोलायचंच असतं असं एखादं जुनं. बाई गायची, टाळ्या पडायच्या, कुणाला काही दिसायचं नाही. कुणाला कधी काय दिलं आणि का, हे तोकिए वहीत लिहून ठेवायची. तिला या कसबाचा गर्व होता, हे सांगितलंच पाहिजे.

त्या मंगळवारी नात्सुए आली ती भिंतीला धरून.

"तुटक ओळींचं लावते हं," तोकिए म्हणाली.

"लावा. जिन्यावरून पडले, तोकिएसान."

नात्सुएचं घर तळमजल्यावर होतं. तोकिएनं गाणं लावलं.

दुसऱ्या ओळीलाच नात्सुएचा श्वास अडकला. ती टेबलावर वाकली, खोकली, आणि पेल्याच्या काठावर रक्त उडालं. नेमकं तेव्हाच दार धाडकन उघडलं. तिचा नवरा गोइची. पाळी लवकर सुटली होती.

"घरात शिजवलेला भात नाही आणि ही भवानी इथं गळा काढतेय!"

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. माईक चालूच होता. तो आवाज कर्ण्यातून साऱ्या खोलीत घुमला. त्यानं पुन्हा आपटलं. काकडीच्या बशीत एक दात पडला.

तोकिएनं दुसरा माईक उचलला आणि गोइचीच्या डाव्या कानावर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक घाव कर्ण्यातून गडगडला. तो गुडघ्यावर आला तरी ती थांबेना. शेवटी बायकांनी तिला मागं ओढलं.

पोलीसबाई आली तेव्हा गोइची कानाला फडकं दाबून बसला होता. "म्हातारीला वेड लागलंय. हिला आत टाका. माझी बायको पडली, पाय घसरून."

"पडलात का, ताई?"

नात्सुए नवऱ्याच्या बुटांकडे बघत राहिली. "हो. पडले."

उरलेल्या चौघी आपापल्या चहात बघत होत्या. प्रत्येकीला संध्याकाळी घरीच जायचं होतं.

"मग चला, तुम्हाला दोघांना दवाखान्यात सोडते, तिथून घरी," पोलीसबाई म्हणाली.

तोकिए उठली. कपाटातली वही काढून तिच्यापुढे आपटली. "नात्सुएचं पान उघडा."

पोलीसबाईनं एक पान वाचलं, मग दुसरं. बरगडी, तुटक ओळी. ओठ, मिटलं तोंड. डावं मनगट, माईक धरून ठेवता येईल असं छोटं गाणं. पुन्हा बरगडी. तीन वर्षं. तिनं मान वर केली.

"एवढं सगळं ठाऊक होतं, आजी? आणि तुम्ही गाणी निवडत होतात?"

जन्मात पहिल्यांदा तोकिएला स्वतःची लाज वाटली.

नात्सुएनं हात लांब करून वही ओढून घेतली. रक्तानं माखलेलं बोट ओळींवरून खाली सरकवत गेली. एका ओळीवर थांबली.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "डावं मनगट नाही. उजवं. त्यानं ते दारात चेंगरलं होतं."

गोइची उठायला गेला. पोलीसबाईनं खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"लिहून घ्या," नात्सुए म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.