साडूंचं फाटक

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझ्या साडूंइतका मोठा जमीनदार शोधून सापडायचा नाही. दोन डोंगर, एक बोगदा, बारमाही ओढा, कांद्याची अकरा वावरं आणि त्यांमधून धावणारी रेल्वे एवढा ऐवज त्यांच्या मालकीचा आहे, आणि तो सगळा त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, दोन पलंगांएवढ्या प्लायवूडवर मावतो. साडूंची हयात अंबडच्या एका कारखान्यात साचे बनवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, सकाळी फिरायला जातात, निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. साडूंच्या मुलाने त्यांना वाढदिवसाला खेळण्यातली आगगाडी दिली. ती उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, "गाडी ठीक आहे, पण ही जाते कुठून?" त्या प्रश्नाचं उत्तर ते गेली सहा वर्षं बांधत बसले आहेत.

खुद्द गाडीत त्यांना फारसा रस नाही. "गाडी काय, बाजारात मिळते. डोंगर मिळतो का?" असं ते विचारतात. त्यांचा डोंगर थर्माकोलचा, त्यावर वर्तमानपत्रांचा लगदा आणि वरून प्लास्टर. काळी जमीन म्हणजे उन्हात वाळवलेला चहाचा चोथा. त्यामुळे त्यांच्याकडे गेलं की चहा दोनदा मिळतो, तोही शपथा घालून. पण त्यात प्रेमापेक्षा जमिनीची निकड जास्त असते हे मला उशिरा कळलं. तुळशीची वाळकी काडी म्हणजे झाडाचं खोड, भांड्यांची हिरवी घासणी कुस्करली की पालवी. सगळं खऱ्यापेक्षा बरोबर सत्त्याऐंशीपट लहान. हे माप त्यांच्या डोक्यात इतकं भिनलंय की माणसांनाही ते त्याच हिशेबाने बघतात. "साडूभाऊ, तुम्ही जेमतेम दोन सेंटिमीटर भरता," असं त्यांनी मला एकदा भर लग्नात सांगितलं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तशी सोशिक. पण रुळांखालची खडी चाळायला पिठाची चाळणी गेली, त्या दिवशी तिने दारात उभं राहून विचारलं, "आज पोळ्या नेहमीच्या करू, की सत्त्याऐंशीपट लहान?" साडूंनी मनातल्या मनात खरंच भागाकार केला असावा. कारण ते लगेच म्हणाले, "नको, मग वाटाण्याएवढीसुद्धा व्हायची नाही."

त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख म्हणजे आल्यागेल्याला हा दिवाळीचा किल्ला वाटतो. "छान झालाय हो किल्ला! महाराज कुठे बसवणार?" असं कुणी म्हणालं की साडूंचा चेहरा कसनुसा होतो. तरीही एका दिवाळीत मोहात पडून त्यांनी किल्ल्यावर पेरतात तसे आपल्या डोंगरावर अळीव पेरले. जिवंत गवत असावं, एवढाच हेतू. नंतर चार दिवस सगळे बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो दोन डोंगर, ओढा, वावरं, सगळं हिरव्या जंगलात गडप! साडूंनी गाडी सुरू केली, ती बोगद्यातून बाहेर आली आणि अळिवात रुतून बसली. "चौदा फूट वाढलंय गवत!" साडू त्यांच्या मापाने ओरडले. मेहुणीने शांतपणे कात्री आणली आणि जिल्ह्याची सगळी कापणी अर्ध्या तासात उरकली. संध्याकाळी कोशिंबिरीत हिरवं काहीतरी होतं. मी दोनदा घेतली.

आणि धूळ! नवी कोरी वस्तू त्यांना सहन होत नाही, प्रत्येक डबा ते रंगाने मळवतात. नाशिकच्या द्वारका चौकात भर दुपारी मी त्यांना एका उभ्या ट्रकच्या चाकाशी उकिडवं बसलेलं पाहिलं. हातात रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड, आणि चिखलाचा रंग कुठल्या चौकोनाशी जुळतो याची तपासणी चाललेली. ड्रायव्हर बिचारा गाडीचे सगळे कागद छातीशी धरून मागे उभा होता. "साहब, आजच धुतो गाडी," तो गयावया करत म्हणाला. साडू कळवळून ओरडले, "नका हो धुऊ! एवढी छान मळलीय!" ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी यांना ओळखत नसल्यासारखा उसाच्या रसाच्या गाडीकडे वळलो, हे कबूल करतो.

या साऱ्या पसाऱ्याच्या मधोमध एक रेल्वे फाटक आहे. फाटकाशी थांबलेली बैलगाडी आहे, सायकलवाला आहे, ओढ्यात आठ म्हशी आहेत आणि त्यातल्या एकीच्या पाठीवर बगळासुद्धा आहे. पण फाटकवाला नव्हता. मी एकदा थट्टेने म्हणालो, "काय हो, फाटकवाला रजेवर गेलाय का?" नेहमी एका प्रश्नाला वीस मिनिटं उत्तर देणारे साडू ब्रश पुसत बसले. मग मेहुणीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. साडूंचे वडील, म्हणजे आबा, चांदवडच्या बाजूला अशाच एका फाटकावर नोकरीला होते. ते गेले तेव्हा साडू पाच वर्षांचे. घरात वडिलांचा एकही फोटो नाही. "सगळं आठवतं यांना, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "फाटकाचा रंग आठवतो, बगळा आठवतो. फक्त वडील कसे उभे राहायचे ते आठवत नाही. ते एकट्या दादांना माहीत. आणि दादांशी तर बोलणं बंद."

दादा म्हणजे साडूंचे थोरले भाऊ. आठ वर्षांनी मोठे, अजून चांदवडला कांदा करतात. भांडण झालं ते झाडावरून. फाटकाजवळ बाभूळ होती असं दादांचं म्हणणं, कडुनिंब होता असं साडूंचं. शेताच्या बांधावरून अबोला धरणारे भाऊ मी पुष्कळ पाहिलेत. पण दीड इंचाच्या झाडावरून सख्ख्या भावांनी दोन वर्षं फोन न करणं मला तरी नवीन होतं. मी खूप हसलो. मेहुणी हसली नाही. "दादा पंचाहत्तरीला आलेत," एवढंच म्हणाली.

शेवटी तिनेच फोन केला. दादा चष्म्याचा नंबर काढायला नाशकात येणार होते, त्यांना जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं, मध्यस्थ म्हणून. मी जेवणापुरता मध्यस्थ झालो. दादा मागच्या खोलीत आले आणि डोंगरांकडे पाठ करून खुर्चीवर बसले. साडू दुसऱ्या टोकाला. काहीतरी करायचं म्हणून साडूंनी गाडी सुरू केली. चाकांचा आवाज झाला आणि दादा खुर्चीतच गर्रकन वळले.

"आरं, आधी फाटक लाव! गाडी आली ना!"

साडूंनी घाईघाईने फाटक पाडलं. दादा उठले, वाकले, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले.

"हितं बाभळ कशापायी लावली?"

"तू म्हणालास म्हणून. काल बदलली," साडू म्हणाले.

"लिंबच व्हता तिथं."

"मग दोन वर्षं का भांडलास?"

"तू लय ताठ बोलला म्हणून," दादा म्हणाले, आणि मेहुणीने तोंडाला पदर लावला. मला ठसका लागला. दादा मात्र अजून वाकूनच होते. त्यांचं बोट फाटकापर्यंत गेलं आणि थांबलं.

"आबा कुठं हायेत?"

साडू दुसऱ्या टोकावरून जवळ आले. "मला आठवत नाही, दादा. कसे उभे राहायचे ते?"

दादांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. खांद्यावरचा पंचा काढला, उजवा हात लांब करून तो झेंडीसारखा धरला. डावा हात डोक्यावरच्या टोपीवर घट्ट दाबला. पाय थोडे फाकले, अंग किंचित मागे रेललं. "मेल लय जोरात जायची," ते म्हणाले. "एकदा टोपी उडाली व्हती, तवापासून आसं धरायचे."

साडूंनी वही घेतली नाही, पेन्सिल घेतली नाही. ते दादांच्या समोर फरशीवर बसले आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. गाडी फिरत होती. ती पूर्ण निघून जाईपर्यंत फाटकवाल्याने झेंडी खाली घ्यायची नसते, म्हणून दादांनीही हात खाली घेतला नाही. बटण बंद करायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.