पेरूचा पाला

त्याची आई पोरांची तोंडं हुंगायची. पोरगं बाहेरून आलं की दारातच थांबवून "आ कर" म्हणायची. दुसऱ्याच्या घरी खाल्लेलं तिला लगेच कळायचं, त्यातून मासळी असली तर विचारूच नका. गोंदियात डी.एड.ला असताना त्याने हे मला नक्कल करून सांगितलं होतं आणि मी पोट धरून हसले होते. त्या हसण्याचा आता राग येतो.

तो मुर्रीचा, धानाची शेती असलेल्या घरचा. आम्ही इटियाडोह धरणावर मासे धरणारे. लग्न करायचं आमचं पक्कं होतं. ठरलं असं की तो आधी आमच्याकडे जेवून जाईल आणि त्याच संध्याकाळी घरी माझं नाव काढेल.

बाबांनी रोहू आणला. डोक्याचा तुकडा एरवी बाबांचा, तो आईने त्याला वाढला. तो चवीने जेवला, रस्सा मागून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

हात धुवायला म्हणून परसात गेला तो लवकर आलाच नाही. मी जाऊन पाहिलं. पेरूच्या झाडाखाली उभा राहून तो पाला चावत होता, थुंकत होता, चुळा भरत होता. बोटं हुंगून पुन्हा मातीने घासत होता. विशी ओलांडलेला बाप्या.

"काऊन?" मी विचारलं.

"माय दारातच बसली राहते."

"मंग माह्याबद्दल कवा सांगशील?"

"सांगीन ना. पहिले घरात तं जाऊ दे."

तो लबाड नव्हता. भीत होता, आणि त्या भीतीला संस्कार म्हणत होता. मला त्याची किळस आली, आणि कीवही.

तेवढ्यात आई बाहेर आली. "का झालं पाहुण्याले?"

पाहुण्याची फजिती करायची नाही, ही आमच्या घरची शिकवण. "दात दुखून राहिला त्याचा," मी म्हणाले.

आई लगबगीने आत जाऊन लवंग घेऊन आली. "दाढेखाली धरा, बाबू." त्याने ती तोंडात टाकली. निघताना आणखी दोन मागितल्या. आईने पुडी बांधून दिली.

त्या संध्याकाळी त्याने घरी काही सांगितलं नाही. नंतरही नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. आई मात्र पुष्कळ दिवस विचारायची, "त्या पोराचा दात बरा झाला का वं?"