गोदाताईंनी लावलेली रांग

गोदाताई गेल्याचं कुरुंद्याहून आलेल्या एका हळदवाल्यानं सांगितलं. "बाई गेल्या, डॉक्टरसाब. चार दिवसांच्या तापानं." ज्या डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता, ते ताईंनीच उघडलेले होते.

निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघं डोळ्यांचे डॉक्टर. कॉलेज एकच, पदवी एकच. ताई चार वर्षांनी वडील. मोतीबिंदू काढण्यात माझा हात त्यांनीच बसवला. तरी त्यांचा पगार माझ्या निम्मा. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. एकदा कारकुनानं चुकून माझं पगारपत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते वाचून माझ्या हातात दिलं. "माधव, तुला माहीत होतं?" मी मान खाली घातली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसाच्या शस्त्रक्रिया नेहमीसारख्या केल्या.

पुढं हैदराबादहून मोठे साहेब तपासणीला आले. ताईंनी अर्ज दिला. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "पुरुषाला घर चालवायचं असतं, बाई." ताई विधवा, सासू आणि दोन दीर त्यांच्याच जिवावर होते. पण ते त्यांनी सांगितलं नाही. पट्ट्या निघालेले सहा रोगी त्यांनी रांगेत उभे केले. "तीन माझे, तीन यांचे. महाग डॉक्टरचे कोणते, तेवढं ओळखा." साहेब वाकून वाकून बघत राहिले. त्यांनी निवडलेल्या तिघांतले दोघं ताईंचे निघाले. त्यातला औंढ्याचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "मला तर बाईनंच दिसाया लावलं साहेब. तिला कमी काहून देता?"

पगार वाढला नाही. ताईंनी राजीनामा दिला, कुरुंद्यात दोन खोल्यांत दवाखाना काढला. मलाही बोलावलं, "ये, इथं दोघांना सारखं." सरकारी नोकरी माझ्यानं सुटली नाही... हे आज लिहायलाच हवं. मग त्यांनी एक तरुण डॉक्टरीण घेतली आणि पहिल्या महिन्यापासून तिला स्वतःइतकंच दिलं.

परवा कुरुंद्याच्या त्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर चौकटीत ताईंच्या अर्जाला आलेलं सरकारचं उर्दू पत्र लावलेलं: स्त्री डॉक्टरांना पुरुषांच्या बरोबरीनं वेतन देण्याची रीत नाही. उर्दू येणाऱ्या रोग्याला जाड भिंगांचा चष्मा लावला की ताई नजर तपासायला तेच वाचायला लावत, असं डॉक्टरणीनं सांगितलं. "निजामी गेली आता. काढू का ते?"

"राहू द्या," मी म्हणालो, आणि पत्रापुढं उभं राहून मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.