गालिच्यावरचे सामुराई

परदेशातल्या आमच्या गुंगालिन उपनगरात आमचा टीम लीड दर रविवारी दुपारी स्वतःच्या घरी सामुराई सिनेमे दाखवायचा. दाखवायचा कसला, पाजायचा. आम्ही पाच-सहा जण, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे त्याच्या हाताखाली सरकारी खात्यात कंत्राटावर. येताना प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, हा अलिखित नियम. तो सोफ्यावर पाय पसरून बसायचा, आम्ही खाली गालिच्यावर मांडी घालून. ऑफिसात त्याला सगळे नावाने हाक मारत. त्याच्या घरात पाऊल टाकलं की तोंडातून आपोआप 'सर' निघायचं.

सिनेमे सगळे एकाच मुशीतले. म्हातारा सरदार, त्याच्या कानाला लागलेला कारस्थानी कारभारी, आणि दुसऱ्याच्या चुकीपायी स्वतःचं पोट फाडून घेणारा एखादा निष्ठावंत बावळट. तलवारी निघायच्या शेवटच्या दहा मिनिटांत; तोवर दोन तास नुसतं वाकणं आणि कुजबुजणं. ते तर आम्ही सोमवार ते शुक्रवार करतच होतो. पण हा मध्येच पॉज करून म्हणायचा, "बघा, याला म्हणतात लॉयल्टी!" आम्ही माना डोलवायचो. मला स्वतःसकट सगळ्यांची किळस यायची, तरी ढोकळा घेऊन मी जायचोच.

एकदा पोट फाडण्याचा प्रसंग ऐन रंगात आलेला असताना माझा मित्र म्हणाला, "अरे, पण याने दुसरीकडे अप्लाय का नाही केलं?" सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. सरांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

याच मित्राने मला एअरपोर्टवरून घरी आणलं होतं, दीड महिना स्वतःच्या हॉलमध्ये झोपू दिलं होतं आणि या टीमसाठी माझा सीव्हीही त्यानेच पुढे केला होता. जूनमध्ये त्याचं कंत्राट संपत होतं. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळेपर्यंत त्याला ही नोकरी टिकवणं भागच होतं.

पुढच्या रविवारी चहा गाळताना सरांनी मला किचनमध्ये बोलावलं. "त्याचं एक्स्टेन्शन माझ्याकडे आलंय. तू त्याला चांगला ओळखतोस. मनापासून आहे का रे तो आपल्यात?"

माझंही कंत्राट जूनमध्येच संपत होतं. मी म्हणालो, "कामाला ठीक आहे, सर. पण त्याचं मन इथे रमत नाही असं वाटतं." कारस्थानाला दोन तास लागतात म्हणे, मला दोन वाक्यं पुरली. सरांनी माझ्या कपात स्वतःच्या हाताने साखर घातली.

मला वर्ष वाढवून मिळालं. मित्राला नाही. त्याच्या पीआरचं घोंगडं भिजत पडलं आणि तो दुसऱ्या शहरात, मॉसन लेक्सला मेव्हण्याकडे राहून काम शोधायला निघाला. ट्रेलरवर सामान चढवायला मीच गेलो, आणखी कोण जाणार?

"सरांनी तुला माझ्याबद्दल विचारलं होतं ना?" दोरी आवळत तो म्हणाला. "भांडला असशील तू माझ्यासाठी, माहितीये मला. थँक्स रे."

मी म्हणालो, "नो वरीज."